अभ्यासिकेतलं खत

चार वर्षं बुलडाण्यात खोली करून गोकुळने एकही सरकारी परीक्षा सोडली नाही, आणि एकाही परीक्षेने त्याला धरलं नाही. शेवटी तो भोरखेडीला आईकडे परत आला, आणि आल्याच्या तिसऱ्या महिन्यात त्याला अंकुरवाट नावाच्या संस्थेत नोकरी लागली. संस्थेचं ऑफिस पुण्यात होतं, देणगीदार मुंबईत होते आणि समस्या बुलडाणा जिल्ह्यात होत्या. गोकुळच्या हुद्द्याचं नाव होतं युवा नेतृत्व समन्वयक. त्याच्या आईला, कोकिळाबाईंना, ते एका दमात म्हणता येईना. मग त्या सांगू लागल्या, "आमचा गोकुळ पोराईले लीडर बनवते."

शेजारच्या झुंबरबाईंनी हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सोता काऊन नाई झाला?"

कोकिळाबाईंनी त्यांच्याशी बोलणं आठ दिवस बंद ठेवलं. गोकुळ मात्र हसला, कारण हा प्रश्न त्याने स्वतःला विचारून झाला होता आणि त्याचं उत्तर त्याला ठाऊक होतं. लीडर व्हायला कुणाशी तरी वैर घ्यावं लागतं. लीडर बनवायला फक्त हजेरीपट लागतो.

काम तसं सोपं होतं. देऊळघाटच्या आसपासची पाच गावं. प्रत्येक गावातून दहा तरुण निवडायचे. त्यांना बदलदूत म्हणायचं, पिवळा टी-शर्ट द्यायचा, दोन दिवस बुलडाण्याला हॉलमध्ये बसवायचं आणि मग त्यांच्याकडून गावात बदल घडवून घ्यायचा. टी-शर्ट सगळे एकाच मापाचे आले होते, एक्स्ट्रा लार्ज. भोरखेडीची राखी त्यात घुसली तेव्हा तो तिच्या गुडघ्यापर्यंत आला. "दादा, याच्यात मी अन माही म्हस दोघी मावतो," असं ती म्हणाली, आणि पहिल्याच दिवशी सगळा हॉल तिच्या बाजूचा झाला.

प्रशिक्षण द्यायला पुण्याहून अर्पिताताई आल्या होत्या. स्वभावाने चांगल्या होत्या. खादीचा कुडता, गळ्यात लाकडी मणी आणि बोलताना समोरच्याकडे असं बघायच्या, की त्याला आपण फार मोलाचं काही बोलतोय असं वाटावं. त्यांनी आधी सगळ्यांना गोल उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या, मग प्राण्यांचे आवाज काढायला लावले. ते झाल्यावर भिंतीवर मोठा कागद चिकटवून समस्यावृक्ष काढायला सांगितला. पानं म्हणजे दिसणारी समस्या, खोड म्हणजे तिचं कारण, मुळं म्हणजे कारणाचं कारण.

भोरखेडीच्या गटाचं झाड रहेमतुल्लाचाचांच्या सबीहाने काढलं. रहेमतुल्लाचाचा गावात शिवणकाम करायचे. एकाच खोलीचं घर, खोलीत दोन मशिनी, आणि दोन्ही मशिनींच्या खडखडाटात सबीहा पोलीस भरतीचा अभ्यास करायची. राखी तिची जोडीदार. दोघी पहाटे फाट्यापर्यंत पळायच्या. नंतर राखी आपल्या गोठ्यात पुस्तक घेऊन बसायची आणि सबीहा मशिनीपाशी. सबीहाने पानांवर लिहिलं, 'पोरी परीक्षेत मागे पडतात'. खोडावर लिहिलं, 'अभ्यासाला जागा नाही'. मुळाशी आल्यावर ती थांबली.

"ताई," तिने विचारलं, "जागा हाय. तीन वर्षांपासून बांधून तयार हाय. भिंतीवर 'अभ्यासिका व वाचनालय' असं लिहेल बी हाय. पण त्याच्यात निवृत्तीभाऊचं खत भरेल हाय. मंग मुळाशी खत लिहू का निवृत्तीभाऊ?"

हॉलमध्ये हशा पिकला. गोकुळने मात्र आधी दाराकडे बघून घेतलं. निवृत्तीभाऊ म्हणजे भोरखेडीच्या सरपंच पुष्पांजलीबाई यांचे यजमान. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं, तेव्हा त्यांनी बायकोला निवडून आणलं आणि कामाचा ताप तिला नको म्हणून कारभार स्वतःच्या अंगावर घेतला. पुष्पांजलीबाईंना कार्यालयात खुर्ची होती, पण ती कपाटाच्या मागे ठेवलेली असे.

"छान मुद्दा आहे, सबीहा," अर्पिताताई म्हणाल्या. "इथे चूक-बरोबर असं काहीच नसतं. फक्त आपण व्यक्तींची नावं टाळूया. नावं आली की संवाद थांबतो. त्याऐवजी आपण 'व्यवस्था' असं लिहूया का?"

सबीहाने मुळाशी 'व्यवस्था' लिहिलं. त्या दिवसापासून भोरखेडीच्या पोरांनी निवृत्तीभाऊंचं नावच व्यवस्था ठेवलं. "व्यवस्था येऊन राह्यली बे, बुलेटवर," असं कुणीतरी ओरडायचं आणि पारावरची पोरं तंबाखूच्या पुड्या लपवायची.

निवृत्तीभाऊंना युवा नेतृत्वाचं भारी कौतुक होतं. गावातल्या पहिल्या बैठकीला त्यांनी स्वतः चहा सांगितला आणि अर्धा तास भाषण दिलं. तरुण म्हणजे गावाचा उद्या, असं ते चार वेळा म्हणाले. आज कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. गोकुळला त्यांनी चारचौघांत 'गोकुळराव' म्हटलं, आणि बैठक संपल्यावर बाजूला घेऊन, "काय बे, तुह्या संस्थेले आमचं सहकार्याचं पत्र लागते न? देऊन टाकू," म्हणत पाठीवर थाप मारली. त्या थापेत पत्रही होतं आणि इशाराही.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण सबीहा आणि राखीने एक घोळ केला. प्रशिक्षणात वाटलेली पुस्तिका त्यांनी वाचली.

पुस्तिका वाचण्यासाठी नव्हती. तिच्या मुखपृष्ठावर हसणाऱ्या तरुणांचा फोटो होता आणि ती हातात धरून फोटो काढायचे असत. पण या दोघींनी ती गोठ्यात बसून पहिल्या पानापासून वाचली, आणि त्यांना कळलं की गावाच्या इमारतीबद्दल ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज करता येतो आणि पोच मागता येते. नोव्हेंबरात त्यांनी अर्ज केला. खाली एकोणतीस सह्या होत्या. अर्जात लिहिलं होतं, 'अभ्यासिकेतील खासगी खताची पोती, ठिबकच्या नळ्या व शेळी हलवून खोली खुली करावी.' शेळी फक्त पावसाळ्यात असायची, पण राखी म्हणाली, राहू दे, पुढचा पावसाळाही येणारच आहे.

त्याच संध्याकाळी निवृत्तीभाऊंनी गोकुळला वाड्यावर बोलावून घेतलं. चहा नव्हता.

"गोकुळ, तुहे लीडर माह्याच अंगावर चालून राह्यले बे."

"भाऊ, पोरी हायेत. समजत नाई त्याईले."

"त्याईले समजत नाई, तुले तं समजते न? अरे, प्लॅस्टिक उचला, झाडं लावा, दारू सोडा म्हना. मी हार घालतो त्याईले. पन हे अर्ज, पोच, सह्या? याले काय लीडरशिप म्हनते का? याले राजकारन म्हनते!"

गोकुळने रात्र होण्याआधीच अर्पिताताईंना फोन लावला. त्यांच्याशी फोनवर तो पुण्याची भाषा बोलायचा. 'हाय'चं 'आहे' करायचा आणि वाक्याच्या शेवटी 'ना' लावायचा, म्हणजे आपण शिकलेले वाटतो असा त्याचा समज होता. अर्पिताताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलींची ऊर्जा विलक्षण आहे, गोकुळ. फक्त तिला योग्य वळण द्यायला हवं. आपण कुठल्याच बाजूचे नाही, आपण प्रक्रियेच्या बाजूचे आहोत. जानेवारीत मुंबईहून देणगीदार येतायत. असं करूया का, मुलींना त्या इमारतीच्या भिंतीवर चित्र काढू दे? शिक्षणावर. बाहेरून."

"आतून?" गोकुळच्या तोंडून निघून गेलं.

"आतलं हळूहळू," अर्पिताताई म्हणाल्या.

हा निरोप दोघींना सांगणं गोकुळच्या वाट्याला आलं. त्याने तो जमेल तितका गोड करून सांगितला. राखी ऐकता ऐकता म्हशीला वैरण टाकत होती. तिने शेवटची पेंढी दाणकन आपटली.

"म्हंजे आत खत अन बाहेर आमचं चित्र?"

"ही पहिली पायरी हाय. मंग..."

"दादा," सबीहा म्हणाली, "तुम्ही कोनाचे हो नेमके?"

"मी प्रक्रियेचा," असं गोकुळच्या ओठावर आलं होतं. पण समोर म्हैस, राखी आणि सबीहा अशा तिघीही एकटक बघत होत्या, तेव्हा त्याला ते म्हणवलं नाही. तो म्हणाला, "मले नोकरी हाय बाई." हे त्याचं त्या सबंध वर्षातलं सगळ्यात खरं वाक्य होतं. सबीहाने मान हलवली आणि रंगाचे डबे कधी येणार तेवढं विचारलं.

डिसेंबरात चित्र झालं. मधोमध मोठं झाड, झाडाखाली पिवळ्या टी-शर्टातल्या दोन मुली, मांडीवर पुस्तकं. चित्र खरंच सुरेख उतरलं होतं. मुलींच्या मागे सबीहाने पांढऱ्या उशांसारखं काहीतरी रंगवलं होतं आणि प्रत्येक उशीवर आकडे लिहिले होते, '१०:२६:२६'. गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की ही खताची पोती आहेत आणि हे खताचे आकडे आहेत. गोकुळलाही कळलं. त्याने ते पुसायला सांगायचं ठरवलं, पण तो दिवस रविवार निघाला, सोमवारी रंग वाळला आणि मंगळवारपासून त्याने त्या भिंतीकडे बघणंच सोडून दिलं.

पाहुणे आले ते दोन गाड्या घेऊन. लेझीम झालं, हार झाले, प्लॅस्टिकवरची नाटिका झाली. निवृत्तीभाऊंनी भगवा फेटा बांधला होता. पुष्पांजलीबाई दुसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. पाहुण्यांतल्या एका मॅडमना भिंतीवरचं चित्र फार आवडलं. त्यांनी त्याच्यासमोर सात-आठ फोटो काढून घेतले आणि आकड्यांवर बोट ठेवून मोडक्या मराठीत विचारलं, "हे काय? मॅथ्स?"

"हो मॅडम," सबीहा म्हणाली, "गणितच हाय. तीन वर्षांपासून सुटून नाई राह्यलं."

मॅडम खूश झाल्या. "वंडरफुल! आतमध्ये मुलं बसलीत का? मला बघायचंय."

निवृत्तीभाऊंनी खिसे चाचपले, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाबी ग्रामसेवकाजवळ राह्यली. ते ट्रेनिंगले गेले. काय गोकुळराव?"

सगळे गोकुळकडे वळले. चावी निवृत्तीभाऊंच्या घरी देवळीतल्या खिळ्याला टांगलेली असते, हे लहानपणापासून त्या घरात जाणाऱ्या गोकुळला माहीत होतं. "हो मॅडम," तो पुण्याच्या मराठीत म्हणाला, "ते ट्रेनिंगला गेलेत ना." मॅडम हळहळल्या. सबीहा चित्राकडे तोंड करून उभी राहिली. ती त्याच्याकडे बघतही नव्हती, आणि गोकुळला तेच जास्त लागलं. त्या दिवशी जेवणात पुरणपोळी होती. त्याने ती ताटातच ठेवली.

आता भोरखेडीत महिलासभेचा एक रिवाज होता. नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. ती व्हायची ती अशी, की शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचा आणि बाया हातातलं पीठ झटकून सही करायच्या. कुणी विचारलंच, तर तो म्हणायचा, "सभा झाली, तुमी आल्या होत्या." यंदा पंचवीस जानेवारीला शिपाई रजिस्टर घेऊन निघाला तर घरोघर बाया नव्हत्याच. सबीहा आणि राखी आठ दिवस दारोदार हिंडल्या होत्या, आणि बाया शाळेच्या वर्गात जाऊन बसल्या होत्या. सत्तरएक असतील. सबीहाच्या मोहल्ल्यातल्या खैरुन्निसाआपा चष्मा लावून पुढच्या बाकावर बसल्या होत्या, आणि झुंबरबाई, ज्या बोलावल्याशिवाय कुठंही आधी पोचतात, त्या आधीच पोचल्या होत्या. बायांनी पुष्पांजलीबाईंकडे निरोप धाडला: वहिनी, सभेचं अध्यक्षपद तुमचं आहे, या.

निवृत्तीभाऊ मेहकरला साखरपुड्याला गेले होते. पुष्पांजलीबाईंना काय करावं ते कळेना. त्या थोडा वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या, मग चपला घालून निघाल्या.

गोकुळला हे कळलं ते अर्पिताताईंच्याच फोनवरून. पाहुण्यांना पाठवायचे फोटो मागायला त्यांनी शिवम नावाच्या बदलदूताला फोन केला होता, तेव्हा तो उत्साहाने सगळं बोलून गेला होता.

"गोकुळ, हे आपल्या आराखड्यात नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "तू ताबडतोब निवृत्तीभाऊंना कळव. नंतर त्यांना कळलं तर आपल्याला त्या तालुक्यात पाय ठेवता येणार नाही. पारदर्शकता हवी."

गोकुळ धावतच शाळेपाशी गेला. बायांची सभा, म्हणून आत जाता येईना. तो खिडकीपाशी उभा राहिला. आत राखी ठराव वाचत होती. अभ्यासिका रिकामी करून सकाळी सात ते संध्याकाळी आठ खुली ठेवावी, चावी बायांच्या समितीकडे असावी, एवढाच ठराव होता. सबीहाने कागद आणि पेन पुष्पांजलीबाईंसमोर ठेवलं.

निवृत्तीभाऊंनी पाच वर्षांत बायकोला एकच गोष्ट शिकवली होती. समोर येईल त्या कागदावर सही करायची, प्रश्न विचारायचा नाही. पुष्पांजलीबाईंनी पेन उचललं. पण सही करण्याआधी त्या म्हणाल्या, "एक खेप अजून वाच."

राखीने वाचलं.

"आता हळू वाच."

राखीने हळू वाचलं. पुष्पांजलीबाईंचे ओठ प्रत्येक शब्दासोबत हलत होते. मग त्यांनी विचारलं, "हे खत काढून ठेवायचं कुठी?"

"ज्याचं हाय त्याच्या घरी," झुंबरबाई मागून म्हणाल्या.

"माह्या घरी?" पुष्पांजलीबाईंनी मनातल्या मनात घर मोजलं. "पडवीत मावते. भाऊजींची बाज काढावी लागन." आणि त्यांनी सही केली. नेहमीपेक्षा मोठी, पूर्ण नावाची.

तेवढ्यात गोकुळच्या हातातला फोन वाजला. निवृत्तीभाऊ. मागे बँड वाजत होता.

"काय बे गोकुळ, झाली का बायाईची सभा?"

"झाली भाऊ."

"सही?"

"वहिनीनं केली."

"काही गडबड तं नाई न? त्या पोरी?"

गोकुळने खिडकीतून पाहिलं. आत बाया उठत होत्या, पदर सावरत होत्या, आणि सबीहा त्या कागदाची शाई फुंकरीने वाळवत होती. बोलायला दोनच वाक्यं होती, आणि दोन्ही जवळजवळ खरी होती. त्याने त्यातलं एक निवडलं.

"नाई भाऊ. समोर आला त्या कागदावर सही केली वहिनीनं. नेहमीसारखी."

"चांगलं झालं," निवृत्तीभाऊ म्हणाले, आणि फोन ठेवला.

गोकुळ शाळेमागच्या हातपंपापाशी जाऊन बसला. आपण काही मोठं केलंय असं त्याला वाटलं नाही, आणि केलंही नव्हतं. पण पाहुण्यांसमोर खोटं बोलताना लागली तशी पुणेरी या वेळी लागली नाही, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीभाऊ मेहकरहून थेट झेंडावंदनालाच उतरले, आणि त्यानंतर ग्रामसभेत ठराव वाचला गेला. खाली सरपंचांची सही आहे असं ग्रामसेवकांनी सांगितलं, तेव्हा निवृत्तीभाऊंचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको झेंड्याकडे बघत होती. सगळ्या गावासमोर बायकोची सही खोटी म्हणावी, तर पाच वर्षांच्या सगळ्याच सह्या उकरल्या जाणार. निवृत्तीभाऊ तसे हुशार होते. ते उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले, "तरुणाईसाठी अभ्यासिका व्हावी, हे माझं तीन वर्षांचं स्वप्न होतं." टाळ्या सगळ्यात मोठ्याने राखीने वाजवल्या.

खत त्यांच्याच ट्रॅक्टरमधून त्यांच्याच पडवीत गेलं. ते वाहून नेताना त्यांनी फोटोही काढून घेतला. आठ दिवसांत दारावर त्यांच्या वडिलांच्या नावाचा बोर्ड लागला. पोरांनी तो लागू दिला. बोर्ड बाहेर होता, बाकं आत होती.

अंकुरवाटच्या वार्षिक अहवालात भोरखेडीची गोष्ट दोन पानं आली. शीर्षक होतं, 'संवादातून बदल'. निवृत्तीभाऊंचा फेट्यातला फोटो होता आणि भिंतीवरचं चित्रही होतं, आकडे कापून. सबीहा आणि राखीला संस्थेने ईमेलवर कळवलं, की प्रक्रियेबाहेर कृती केल्यामुळे त्यांचं बदलदूतपद थांबवण्यात येत आहे आणि त्यांच्या पुढील वाटचालीला शुभेच्छा. ईमेल वाचून राखीने टी-शर्टाचं गोठ्यात फडकं केलं. गोकुळला उत्कृष्ट समन्वयकाचं प्रमाणपत्र मिळालं आणि बदलीचा आदेशही. आता त्याला सोनाळ्याला जाऊन तिकडच्या समन्वयकांना शिकवायचं होतं, तरुणांमधून नेतृत्व कसं उभं करावं.

जायच्या आदल्या दिवशी तो अभ्यासिकेत गेला. खोलीला अजून खताचा वास येत होता, डोळे चुरचुरत होते. पंचवीसेक पोरं-पोरी मान खाली घालून बसली होती. खिडकीपाशी पुष्पांजलीबाई वर्तमानपत्र उघडून बसल्या होत्या. त्या रोज चारला येऊ लागल्या होत्या आणि त्या असताना कुणाची चूं करायची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात त्यांच्या घरून एक पोरगी निरोप घेऊन आली, भाऊ चहा मागतात.

"सांग त्याईले," पुष्पांजलीबाई पेपरातून डोकं न काढता म्हणाल्या, "दूध चुलीजवळ हाय, पत्ती डब्यात हाय, अन हात त्याईले बी दोन हायेत."

गोकुळला सबीहाशी बोलायचं होतं. काय, हे त्याने येताना मनात तीनदा घोकलं होतं. तो तिच्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला. "सबीहा, त्या दिवशी पाहुण्याईसमोर मी..."

सबीहाने पुस्तकातून डोकं वर काढलं. "दादा, बारा तारखेले लेखी हाय माही," ती हळूच म्हणाली. "बसायचं असन तं बसा. बोलायचं असन तं बाहेर."

गोकुळ घुटमळला. बाहेर बोलायला कुणी नव्हतं. शेवटी त्याने मागचं बाक ओढलं, कपाटातून हाताला आलेलं एक जुनं पुस्तक काढलं आणि बसला. कित्येक वर्षांनंतर पहिल्यांदाच तो परीक्षेसाठी नसलेलं काहीतरी वाचत होता. पहिली दोन पानं डोक्यात शिरली नाहीत. तिसऱ्या पानाला मात्र त्याने बाक जरा पुढे घेतलं.